परतीची तारीख नसलेली पुस्तकं

*"ताई, नमस्कार. मी सिडकोत राहतो, अंबडच्या एका कारखान्यात मशीन शॉपला आहे, पाळ्यांची नोकरी. वय ४७. वाचनाचं वेड शाळेपासूनचं. वडील सिन्नर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते, त्यांच्याकडून ते आलं. गेल्या रविवारी मुलीनं (दहावीला आहे) घरातली न वाचलेली पुस्तकं मोजायला घेतली. दिवाणात, माळ्यावर, टीव्हीखालच्या कपाटात, फ्रिजवर. २१७ भरली. त्यातली ६४ वडिलांच्या ट्रंकेतली, २०१९ साली ते गेल्यावर आणलेली. त्यातल्या एकात ११२व्या पानावर एसटीचं तिकीट आहे, तिथवरच त्यांचं वाचून झालं असावं. बाकीची माझीच. आडगावला साहित्य संमेलन झालं तेव्हा तीन दिवसांत २३ घेतली, त्यातली चार वाचली. वर्षाला तीसेक येतातच. (सार्वजनिक वाचनालयाचा सभासद आहे, तिथली मात्र वेळेत वाचून होतात.) बायको म्हणते, 'आधी आहेत ती वाचा, मग नवी आणा.' तिला गाद्या-गोधड्यांसाठी दिवाण हवाय, मुलीला अभ्यासाला कोपरा हवाय. मी म्हणतो, अकरा वर्षांनी रिटायर झालो की निवांत वाचीन. पण खरं सांगू का, हल्ली दिवाण उघडायचीच भीती वाटते. खरेदी बंद करू का? वाचायचं काही वेळापत्रक असतं का? की हा आजारच आहे?*

*— एक पुस्तकवेडा (घरच्यांच्या मते नुसताच वेडा), सिडको, नाशिक"*

नमस्कार.

आजार नाही. तेवढं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंत. वाचनालयातली पुस्तकं वेळेत वाचून होतात, घरची होत नाहीत. माणूस तोच, डोळे तेच, पाळ्या त्याच. फरक कशाचा? वाचनालयाच्या पुस्तकाला परतीची तारीख असते. घरच्या पुस्तकाला ती नसते, म्हणून ते बिचारं दिवाणात पडून राहतं. आपलंच तर आहे, जातंय कुठे, असं आपण म्हणतो. खरंच कुठे जात नाही.

मी ३१ वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. देवघेवीच्या खिडकीत बसून एक गोष्ट पक्की शिकले. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली ती तारखांची पट्टी असते ना, शाईनं निळसर झालेली, एकाखाली एक शिक्के पडलेली, ती माणसाला जेवढं वाचायला लावते तेवढं कुठलंही परीक्षण लावत नाही. दंड दिवसाला काही पैसे असायचा. तेवढ्यासाठी पोरं भर पावसात दुधाच्या पिशवीत पुस्तक गुंडाळून शेवटच्या दिवशी धावत यायची. खिडकीपाशी उभं राहून शेवटची चार पानं वाचणारी मुलगी मला अजून आठवते. मी शिक्का हातात धरून थांबले होते. तिचं लक्षच नव्हतं.

तेव्हा माझा सगळा सल्ला एवढाच: स्वतःच्या घरातली पुस्तकं स्वतःला उसनी द्या. तारीख घालून. कसं ते सांगते, पण आधी हिशेब करू. मशीन शॉपचा माणूस आकड्यांना घाबरत नसावा.

मराठी पुस्तक सरासरी २६० पानांचं धरू. २१७ पुस्तकांची झाली ५६,४२० पानं. पाळी, जेवण, मुलीचा अभ्यास, सगळं सांभाळून रोज अर्धा तास मिळाला तर १५ पानं होतात. वर्षाचे ३६५ दिवस काही कुणी वाचत नाही. लग्नं, पाहुणे, ताप, ओव्हरटाइम वजा करून ३१० धरू. वर्षाला ४,६५० पानं. भागाकार करा, बारा वर्षं येतात. म्हणजे एका सिंहस्थापासून दुसऱ्या सिंहस्थापर्यंत! तेही एकसुद्धा नवं पुस्तक आणलं नाही तर. आणि तुम्ही आणता तीस. वाचून होतात अठरा. दर वर्षी बाराची भर. यात तुमच्या चारित्र्याचा काही प्रश्न नाही, टाकीत येणारा नळ जाणाऱ्या नळापेक्षा मोठा आहे, इतकंच. चौथीतलं गणित आहे हे, तुमच्या वडिलांनी कित्येक पोरांकडून सोडवून घेतलं असेल.

आता 'रिटायर झालो की निवांत' याबद्दल. हे वाक्य मी स्वतः जगलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नोकरी संपायला नऊ वर्षं होती तेव्हा मी एक लाकडी पेटी केली. सावकाश वाचायची म्हणून राखलेली सगळी पुस्तकं त्यात. जाडजूड चरित्रं, तीन खंडांचा इतिहास, संतवाङ्मयाच्या टीका. आमचं घर जुन्या नाशकातलं, मागची खोली जमिनीलगत, भिंतीला ओल. पेटी त्या भिंतीला टेकवून ठेवली. निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात मोठ्या थाटात उघडली. वरचा थर छान होता. दुसऱ्या थरातलं एक चरित्र उचललं तर ते हलकं लागलं. जाड पुस्तक हलकं लागलं की समजावं. कव्हर शाबूत, पाठ शाबूत, वरची सोनेरी अक्षरंसुद्धा शाबूत, आणि आत मातीचे बोगदे. वाळवी अशीच खाते, बाहेरून कळू देत नाही. नऊ वर्षं मी राखलेली पुस्तकं तिनं माझ्या आधी वाचून काढली. ग्रंथपाल बाईच्या घरात! हे मी माझ्या सहकाऱ्यांना कितीतरी वर्षं सांगितलं नव्हतं.

उरलेली वाचायला घेतली तर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. बारीक टाइपातल्या तळटीपा दिसेनात. ऑपरेशन झालं, आता दिसतं, पण सलग वीस पानांनंतर मान बोलायला लागते. ४७व्या वर्षी तुमच्याकडे जी नजर आणि जी मान आहे ती ५८व्या वर्षी असेलच असं धरून चालू नका. निवृत्तीनंतर वेळ मिळतो हेही अर्धसत्यच आहे. घरातल्या सगळ्यांना 'तुम्ही काय, मोकळेच' हे कळतं आणि लाईट बिलापासून नातवंडांच्या बसपर्यंत सगळं तुमच्याकडे येतं.

तेव्हा आत्ताच. रविवारी सकाळी मुलीला आणि वहिनींना घेऊन बसा. ग्रंथालयात दर काही वर्षांनी साठा पडताळणी होते. दाखल नोंदवही घ्यायची, एकेक पुस्तक हातात घ्यायचं, आहे का, कुठे आहे, कशा अवस्थेत आहे ते बघायचं. मुलीनं मोजणी केलीच आहे, आता एक वही करा. नाव, लेखक, कुठून आलं, साधारण कधी. चार रकाने पुरे. सगळी पुस्तकं एकदाच बाहेर काढा, जमिनीवर चादर टाकून. घरात चालायला जागा राहणार नाही, राहू नये. ढीग एकदा डोळ्यांनी पूर्ण बघितला की भीती निम्मी होते. जे दिवाणात असतं ते आपल्याला नेहमी आहे त्यापेक्षा जास्त वाटतं.

पहिलं काम: वडिलांची ६४ बाजूला काढा. ती 'न वाचलेल्या'च्या आकड्यात धरूच नका. ती तुम्ही निवडली नाहीत, ती तुमच्यावर बाकी नाहीत. तो वारसा आहे, आणि वारशाला वेळापत्रक लावायचं नसतं. त्यांना वेगळा कप्पा द्या. आकडा लगेच १५३ वर आला, बघा. बारा वर्षांची साडेआठ झाली आणि अजून एक पानही वाचलेलं नाही. त्या ६४ मधलं फक्त एक पुस्तक वाचायला काढा, एसटीच्या तिकिटाचं. ११३व्या पानापासून सुरू करायचा मोह होईल. करू नका. पहिल्या पानापासून वाचा. समासात त्यांनी पेन्सिलीनं काही केलंय का ते बघा. शिक्षक माणूस पुस्तक कोरं ठेवत नाही. तिकीट जिथे आहे तिथेच राहू द्या.

आता १५३. यात निर्लेखन करायचं. हा आमच्या कार्यालयीन कागदांतला शब्द, रुक्ष आहे, पण चांगला आहे. नोंदवहीतून पुस्तक कमी करायचं, कारण लिहून, सहीनिशी. नवखे ग्रंथपाल निर्लेखनाला घाबरतात. मीही घाबरायचे. पहिल्या वर्षी मी एका फाटक्या मार्गदर्शकासाठी प्राचार्यांशी भांडले होते. मग कळलं की न हलणारी पुस्तकं कपाटात असली की हलणारी पुस्तकं दिसतच नाहीत.

काय जाईल? स्पर्धा परीक्षांचे जुने गाइड, जुन्या संगणकाची पुस्तकं, 'तीस दिवसांत' अमुक शिका. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती. हसू नका, पडताळणीत निघतील. माझ्याकडे एकाच कादंबरीच्या तीन निघाल्या, तिन्ही वेगवेगळ्या प्रदर्शनांत घेतलेल्या, तिन्ही न वाचलेल्या. किलोवर पुस्तकं विकणारी प्रदर्शनं भरतात तिथून आणलेली, ज्यांचं नावही तुम्हाला आता आठवत नाही अशी. आणि तुमचं त्या विषयातलं मन गेलंय अशी. दहा वर्षांपूर्वी तुम्हाला शेअर बाजार शिकायचा होता. आता नाही. त्या दहा वर्षांपूर्वीच्या माणसानं घेतलेलं कर्ज तुम्ही फेडत बसायचं कारण नाही.

भेट मिळालेल्या कवितासंग्रहांचं काय, हा नाजूक मामला आहे. नाशकात राहून आणि वाचणारा म्हणून ओळख असून तुमच्याकडे 'स्नेहपूर्वक' लिहिलेले दहा-बारा तरी संग्रह असणारच. कुसुमाग्रजांच्या गावात कवी कमी नाहीत. एक करा. एका संध्याकाळी एक संग्रह, मधल्या कुठल्याही पाच कविता. एक आवडली तरी कवीला फोन करा आणि त्या ओळीचं नाव घेऊन सांगा. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त आनंद होतो त्या माणसाला. मग संग्रह ठेवायचा की पुढे द्यायचा ते ठरवा. फक्त सही असलेली प्रत रद्दीत घालू नका. गाव लहान आहे. कवीही रविवारी जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी उभा असतो.

दिवाळी अंकही असतीलच, तुम्ही मोजले नसावेत. १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठी घरांत हा जादाचा फराळ साचतोय. फराळासारखाच तो टिकाऊ नसतो. होळीपर्यंत जे वाचून झालं ते झालं. उरलेला अंक चाळा, एखादी कथा किंवा लेख कापून ठेवावासा वाटला तर ठेवा, अंक पुढे द्या. मोबाइलमध्ये साठवलेल्या पीडीएफचा तर हिशेबच करू नका. त्या कुणीच वाचत नाही.

पुढे द्यायचं म्हणजे कुठे? वाचनालयाला देणगी द्यायची तर आधी विचारून जा. कुठल्याही वाचनालयाला जागेची अडचण असते, आणि तुमच्याकडे जुनी झालेली मार्गदर्शकं तिथेही जुनीच असतात. जे वाचनीय आहे पण तुमच्याकडून होणार नाही, त्यासाठी मला वेगळं सुचतंय. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना तुम्हाला माहीत असेल. शंभर पुस्तकांची एक पेटी, वाचकांच्या गटात फिरते, ठरलेल्या मुदतीनं पेटी बदलते. नाशकात सुरू झालेली ही पेटी कुठल्या कुठे पोचली. ती का चालली याचा मी बराच विचार केलाय. फुकट मिळतात म्हणून चालली असती तर फुकटच्या कितीतरी योजना बंद पडल्या नसत्या. पेटी जाणार आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून ती वाचली जाते. परत तीच तारीख!

तशी एक छोटी पेटी तुम्ही करा. वीस-पंचवीस पुस्तकं एका खोक्यात, शेजारच्या चार-पाच घरांत किंवा तुमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये. आत एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं तिसरं आहे: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आम्हाला पदविकेला हे पाठ करावं लागायचं आणि मी परीक्षेपुरतं केलंही. अर्थ खिडकीत बसल्यावर कळला. ज्या पुस्तकाला तुम्ही नऊ वर्षं हात लावला नाही, त्याचा वाचक तुम्ही नसालच कदाचित. तुमच्या शेजारच्या लेथवरचा माणूस असेल.

आता मुख्य गोष्ट, देवघेव. टीव्हीपाशी किंवा उशाशी दोन पुस्तकांची जागा करा. दोनच. एक जड, एक हलकं. बाकी सगळी कपाटात, 'ग्रंथालयात'. दोन पुस्तकं काढली की शेवटच्या पानावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख टाकायची. दोन पुस्तकांची मिळून ५२० पानं, रोजची १५ धरली तर ३५ दिवस. सहा आठवड्यांत एखादा आठवडा वाया गेला तरी बसतं. तारीख आली आणि झालं नाही, तर एकदा मुदतवाढ. फक्त एकदा. दुसऱ्यांदाही झालं नाही तर ते पुस्तक पेटीत जाईल. कितीही थोर असलं तरी. थोर पुस्तकांच्या बाबतीत हे जरा जड जातं, मला माहीत आहे. पण ते कुठे जळून जात नाही, वाचनालयात आहेच. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभं आहे, तुमचं पुस्तक सांभाळेल.

पन्नास पानांवर मन लागलं नाही तर सहा आठवडे थांबूही नका. ताटातलं टाकू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय आणि आपण ते पुस्तकांनाही लावतो. पुस्तक म्हणजे ताटातला भात नव्हे. सोडलेल्याची वहीत नोंद करा, 'पान ५३, कंटाळा', एवढीच.

दुसरं कुठलंही नवं पुस्तक त्या दोनांत घुसवायचं नाही. वाचनालयाचं आणायचं असेल तर दोनांपैकी एक जागा त्याची. नाहीतर काय होतं, की तारीख असलेलं पुस्तक तारीख नसलेल्याला कायम ढकलत राहतं. गेली कित्येक वर्षं तुमच्याकडे हेच चाललंय.

वेळापत्रक विचारलंत. घड्याळाचं वेळापत्रक पाळीवाल्या माणसाला चालत नाही, ते सकाळच्या पाळीत बसवलं की नाईटला मोडतं. म्हणून पाळीप्रमाणे पुस्तक निवडा. पहिल्या पाळीला दुपारनंतर घरी येता, तासभर झोप झाली की डोकं ताजं असतं, तेव्हा जड पुस्तक. दुसऱ्या पाळीला सकाळ मोकळी, पण घरात डब्याची, शाळेची गडबड. अशा वेळी कथा, ललित, तुकड्या-तुकड्यानं वाचता येईल असं. नाईटच्या आठवड्यात काहीही ठरवू नका. कंपनीच्या बसमध्ये येता-जाता जे होईल ते. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ पंचवटी एक्स्प्रेसनं वर्षानुवर्षं मुंबईला रोज जाऊन-येऊन नोकरी करायचे. त्यांनी घरी एक पुस्तक वाचलं नाही, गाडीत सगळं वाचलं. गाडी सुटली की पुस्तक उघडायचं, कल्याण आलं की बंद. निवृत्त झाल्यावर त्यांना घरी वाचताच येईना. हालत नाही म्हणायचे.

खरेदीबद्दल. बंद करू नका. मी वहिनींच्या बाजूची आहे, तरी हे सांगते. मराठी पुस्तकाची आवृत्ती लहान असते. संपली की पुन्हा निघेलच याची खात्री नसते. आज दिसलेलं एखादं पुस्तक पाच वर्षांनी सापडत नाही, तुमच्यासारखा माणूस ते घेतो म्हणून ते छापलं जातं. शिवाय सगळं वाचून संपलेलं घर मला बरं वाटत नाही. रंगनाथनांचं पाचवं सूत्र ग्रंथालय वाढतं असतं असं सांगतं. जपानी लोकांत न वाचता साठवण्याला 'त्सुंडोकू' असा शब्द आहे, तो तुम्हाला कुणीतरी फॉरवर्ड केलाच असेल. शब्द गोड आहे. दिवाण काही त्यानं रिकामा होत नाही.

तर खूण ठरवा. गोदावरीला पूर आला की आपण काय विचारतो? किती क्युसेक सोडलं हे नंतर. आधी विचारतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. कमरेला लागलं की सराफ बाजारातला, भांडी बाजारातला माणूस माल हलवायला लागतो, त्याला कुणी शिकवावं लागत नाही. तुमच्या घरात तसा एक मारुती हवा. लोखंडी रॅकचे तीन कप्पे, साधारण शंभर पुस्तकं, न वाचलेल्यांसाठी एवढीच जागा. तीन कप्पे भरले की नवं येणार नाही, एक बाहेर गेल्याशिवाय. आडवं घालून, दोन रांगा लावून, वर रचून चालणार नाही. ते मारुतीच्या डोक्यावर पाणी गेल्यावर 'अजून शेपूट दिसतंय' म्हणण्यासारखं आहे.

आणि वर्षाला दहा. अठरा वाचता, दहा आणा. त्या दहांत काय बसवायचं याचा विचार दुकानात उभं राहून होत नाही, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर यादी ठेवा. पुस्तक आवडलं की नाव लिहायचं आणि महिनाभर थांबायचं. महिन्यानं अजून हवंसं वाटलं तर घ्या. अर्धी नावं आपोआप गळतात. प्रकाशनपूर्व सवलतीच्या पाच-पाच खंडांच्या संचांपासून मात्र जपा. त्यात आपण पुस्तक घेत नाही, सवलत घेतो. संमेलनात हा नियम टिकणार नाही, हे मी मान्य करते. आडगावच्या संमेलनात मी स्वतः ११ घेतली. करोनामुळे मार्चचं डिसेंबरवर गेलेलं संमेलन, त्यात आदल्या दिवसांचा अवकाळी पाऊस, इतक्या दिवसांनी माणसं पुस्तकांपाशी दिसली, हात आवरला नाही. तुमच्या २३ मधली न वाचलेली १९ राहू द्या. देवघेवीला पहिली दोन त्यातलीच काढा.

दिवाण वहिनींना द्या. या रविवारी, पडताळणी झाली की लगेच. पुस्तकांसाठी तो तसाही वाईटच. हवा खेळत नाही, उघडायला गादी उचलावी लागते म्हणून आपण उघडत नाही, आणि पावसाळ्यात खालून ओल येते. रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, पुस्तकं उभी, फार गच्च नकोत. कप्प्यात वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवला तर कसर लागायची कमी होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत घाम धरतो. वाळवीवर वेखंडाचा काही उपयोग नाही. तिच्यासाठी भिंत बघायची, मातीची बारीक रेघ दिसली की त्याच दिवशी माणूस बोलवायचा. मी नाही बोलावला.

मुलीचा कोपराही टीव्हीखालचं कपाट रिकामं झालं की होईल. त्या बदल्यात तिला एक काम द्या. स्टेशनरीच्या दुकानात तारखेचा फिरता शिक्का मिळतो, रबरी पट्ट्या फिरवून दिवस-महिना लावायचा, आणि शाईचा पॅड. तो तिच्या ताब्यात राहील. पुस्तक तुम्ही निवडायचं, शिक्का तिनं मारायचा, मुदतवाढ मागायची ती तिच्याकडे. उशीर झाला तर दंड किती, हेही तिलाच ठरवू द्या. दहावीच्या पोरी कडक असतात, तेव्हा सुट्टे पैसे जवळ ठेवा.